जर्नलमध्ये संपादकीय इंटर्नशिप करायची आहे? या चुका टाळा

पीएचडी संपत आली की प्रयोगशाळा नको, पण विज्ञान सोडवत नाही, असे बरेच जण जर्नलच्या इंटर्नशिपकडे वळतात. अर्जात मात्र माझे पेपर, माझी तंत्रं, माझी पारितोषिकं एवढंच भरतात. संपादकाला बघायचं असतं की दुसऱ्याचा, तोही आपल्या विषयाबाहेरचा पेपर तुम्ही कसा वाचता. म्हणून लेखनाचा नमुना म्हणून थिसिसचं प्रकरण जोडू नका. एखादा प्रीप्रिंट (समीक्षेआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) घेऊन त्यात नवं काय आणि पुरावा कुठे तोकडा पडतो, ते मोजक्या शब्दांत लिहा. 'द कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स'चा 'प्रीलाइट्स' हा उपक्रम २०१८ पासून नवोदित संशोधकांकडून अशीच टिपणं लिहून घेतो. सरावाला याहून चांगली जागा मला दिसत नाही. पात्रताही आधी वाचा. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय जर्नलची फिशबाइन फेलोशिप डॉक्टरांसाठी आहे, इतरांनी तिथे वेळ घालवू नये.

"आमच्या संपादक मंडळावर या, नोंदणी शुल्क भरा" अशी मेल आली तर ती सरळ डिलीट करा. आयएसएसएन हा जर्नलचा फक्त ओळख क्रमांक असतो, दर्जाचा शिक्का नव्हे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालणारी मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे "आम्ही केअरमध्ये आहोत" या दाव्यावर विसंबू नका. जर्नलने ज्यांची नावं दिली आहेत त्या संपादकांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर मेल करून खात्री करा.

सगळ्यात गंभीर चूक गोपनीयतेची, आणि ती बहुधा चांगल्या हेतूनेच होते. जर्नलकडे आलेला पेपर समजला नाही म्हणून लॅबमधल्या मित्राला दाखवला, गाइडना विचारलं, सारांशासाठी चॅटबॉटमध्ये टाकला. तो पेपर म्हणजे कुणाची तरी वर्षानुवर्षांची अप्रकाशित मेहनत असते, आणि तुमचे गाइड कदाचित त्याच शर्यतीत असतात. अडलं तर संपादकांनाच विचारा. लेखक ओळखीचे निघाले तर वाचण्याआधीच सांगून बाजूला व्हा. चूक होऊन गेली असेल तर त्याच दिवशी कळवा. लपवल्याने ती दुप्पट होते.

पेपरचा मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो हे सांगणाऱ्या साम्य-अहवालातला टक्का पाहून निकाल देणं हीसुद्धा नेहमीची गडबड. पस्तीस टक्के साम्य पद्धतींच्या वर्णनात, संदर्भसूचीत आणि लेखकाच्याच प्रीप्रिंटमध्ये विखुरलेलं असू शकतं. उलट आठ टक्क्यांत दुसऱ्याच्या निष्कर्षांचा अख्खा परिच्छेद उचललेला सापडतो. अहवाल उघडून साम्य नेमकं कुठे आहे ते पाहा.

पेपर तपासून मत देणारे समीक्षक मिळत नाहीत? मोठी नावं सोडा. त्या विषयावर अलीकडे पेपर लिहिलेले पोस्टडॉक आणि नवे प्राध्यापक शोधा. ते मनापासून वाचतात. लेखकाने सुचवलेल्या समीक्षकाचा ईमेल मात्र संस्थेच्या साइटवरून पडताळल्याशिवाय वापरू नका. बनावट समीक्षणांमुळे बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाला २०१५ मध्ये ४३ पेपर मागे घ्यावे लागले होते.

नकाराच्या पत्राचा मसुदा करायला मिळाला तर "दर्जा अपुरा" असं लिहून मोकळे होऊ नका. कोणता प्रयोग कमी पडला, कोणता दावा पुराव्यापुढे धावला, ते दोन ओळींत लिहा, म्हणजे लेखकाला पुढच्या जर्नलला पाठवण्याआधी दुरुस्ती करता येते.