जुन्या झिप डिस्कवरील मजकूर सोडवताना

नागपुरात महाल किंवा सीताबर्डीकडच्या एखाद्या जुन्या डीटीपी केंद्राचे कपाट आवरताना फ्लॉपीपेक्षा जाड, निळसर झिप डिस्क हाती आली, तर ती लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये. आयोमेगा कंपनीने १९९५ च्या सुमारास हा ड्राइव्ह बाजारात आणला, तेव्हा १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुढे १०० एमबीची ही चकती मोठीच सोय होती. पुढे मात्र ‘क्लिक ऑफ डेथ’ या दोषाने तिचे नाव खराब झाले आणि १९९८ मध्ये ग्राहकांनी कंपनीवर दावाही दाखल केला.

या दोषाची रचना समजून घेतली, तरच पुढची काळजी का घ्यायची ते कळते. लवचीक चकती मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते आणि वाचणारी दोन हेड्स तिच्या दोन्ही बाजूंनी आत सरकतात. वाचन जमले नाही, की ड्राइव्ह ती मागे ओढून पुन्हा आत ढकलतो, आणि ‘टक-टक’ असा आवाज येतो तो याचाच. हेड बिघडलेले असेल, तर ते चकतीची कड फाडते, आणि ती फाटकी कड दुसऱ्या, धडधाकट ड्राइव्हचे हेड बिघडवू शकते. खरुजेसारखा पसरणारा यांत्रिक दोष संगणकात क्वचितच आढळतो.

म्हणून आधी धातूची झडप हलकेच सरकवून, मधला गोल फिरवत, चकतीची कड पूर्ण पाहावी. चरा वा दुमड दिसल्यास ती डिस्क बाजूला ठेवावी. जुना ड्राइव्ह विकत घेतल्यास पहिली चाचणी बिनकामाच्या डिस्कवर घ्यावी आणि टकटक ऐकू येताच ती डिस्कही पुन्हा कुठेही वापरू नये. उन्हाळ्यात कूलरच्या दमट झोतासमोर हे काम मांडू नये, हेही ओघाने आलेच.

यूएसबी जोडणीचा ड्राइव्ह सर्वांत सोयीचा. झिप ७५० मिळाल्यास उत्तम, कारण तो १०० एमबीच्या डिस्क वाचतो, पण त्यांवर लिहू शकत नाही. एरवी उणीव वाटणारी ही गोष्ट इथे पथ्यावर पडते. पॅरलल आणि स्कझी या संगणकाला जोडण्याच्या दोन्ही जुन्या पद्धतींच्या ड्राइव्हना २५ पिनांचे सारखेच दिसणारे कनेक्टर असतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय केबल जोडू नये.

विंडोजने फॉरमॅट करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीत जशीच्या तशी प्रत, घ्यावी व फाइली त्या प्रतिमेतूनच काढाव्यात. पीसीवर वापरलेल्या झिप डिस्कवर विभाजन (पार्टिशन, म्हणजे फाइली असलेला भाग) बहुधा चौथ्या क्रमांकावर सापडते. फाइलींबरोबर त्या काळचे मराठी फॉन्टही उचलावेत, कारण युनिकोड ही सर्वत्र सारखी चालणारी अक्षरसंकेत-पद्धत रुळण्यापूर्वीचा मजकूर त्याच फॉन्टशिवाय उघडला, तर पत्रिकेतल्या नावांच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो.