हवा खेचून धूर ओळखणारी यंत्रणा: आराखड्यातल्या या चुका टाळा

सर्व्हर रूममध्ये एखाद्या केबलचे आवरण तापून करपू लागते तेव्हा सुरुवातीला ज्योत नसते, आणि धूर इतका विरळ असतो की एसीच्या झोतात तो छतापर्यंत पोहोचण्याआधीच विरून जातो. छतावरचा नेहमीचा डिटेक्टर धूर आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहतो. ॲस्पिरेटिंग डिटेक्टर मात्र पंख्याच्या साहाय्याने छिद्रे पाडलेल्या पाइपांतून हवा सतत खेचून घेतो आणि प्रकाशकिरणांखाली ती तपासतो. ऑस्ट्रेलियात ही पद्धत पुढे आली त्यामागे टेलिफोन एक्स्चेंजच्या संरक्षणाची गरज होती; आज नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांनाही तिची तितकीच गरज आहे. यंत्र महाग असल्यामुळे ते बसले की काम झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात हवा कुठून कुठे वाहते हे ओळखून पाइपांचा आराखडा केला आहे की नाही, यावरच सारे ठरते.

सर्वांत मोठी चूक संवेदनशीलतेच्या आकड्याबाबत होते. माहितीपत्रकात दिलेला आकडा डिटेक्टरच्या आतल्या हवेचा असतो, छिद्रापाशी असलेल्या धुराचा नव्हे. दर मीटरला ०.१ टक्का प्रकाश अडला की इशारा देणारे यंत्र घेतले, त्याला सारखीच हवा ओढणारी २५ छिद्रे जोडली आणि धूर एकाच छिद्रापाशी असला, तर उरलेल्या २४ छिद्रांतून येणारी स्वच्छ हवा त्यात मिसळते. म्हणजे त्या छिद्रापाशी धूर दर मीटरला २.५ टक्के इतका दाट होईपर्यंत इशारा मिळत नाही. धूर पसरून अनेक छिद्रांत शिरला तर ही उणीव बरीचशी भरून निघते, पण त्या आशेवर आराखडा बेतू नये. युरोपीय मानक ईएन ५४-२० मधले ए, बी आणि सी हे संवेदनशीलतेचे वर्गही एकट्या यंत्राला लागू होत नाहीत. छिद्रांची संख्या आणि पाइपांची लांबी धरूनच वर्ग ठरतो.

दुसरी चूक अशी की, पाइप नकाशावरच्या समान चौकोनांप्रमाणे छतावर टाकले जातात. फॉल्स फ्लोअरमधून (मूळ जमिनीपासून उंच बसवलेल्या फरशीखालून) थंड हवा वर येऊन एसी युनिटकडे परतणाऱ्या हॉलमध्ये धूर त्या प्रवाहाबरोबरच जातो, म्हणून रिटर्न एअरच्या जाळीसमोर पाइप हवाच, आणि त्याची छिद्रे प्रवाहाच्या थेट समोर न ठेवता थोडी तिरकी ठेवावी लागतात. मात्र वीज जाऊन एसी थांबले की धूर पुन्हा सरळ वर जातो. त्यामुळे छतावरचे पाइप वगळून चालत नाही. उंच अट्रियममध्ये (अनेक मजले उंचीच्या मोकळ्या दालनात) याच्या उलट अडचण येते: छताखाली साचलेल्या गरम हवेच्या थराखालीच धूर अडकतो, तेव्हा भिंतीलगत उभा पाइप उतरवून वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे द्यावीत.

यंत्र शेजारच्या मार्गिकेत बसवून त्याने तपासलेली हवा तिथेच सोडणे हीदेखील नेहमीची चूक आहे. दोन खोल्यांतल्या हवेच्या दाबात फरक असला की पाइपातला प्रवाह बदलतो, आणि दार उघडताच एअरफ्लो फॉल्ट, म्हणजे प्रवाह बिघडल्याची सूचना, येऊ लागतो. ज्या खोलीतून हवा घेतली तिथेच ती पाइपाने परत सोडावी.

लांबीचा मोह आवरावा. सर्वांत दूरच्या छिद्रातून हवा यंत्रापर्यंत येण्यास अमेरिकी मानक एनएफपीए ७२ प्रमाणे १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, आणि डेटा सेंटरसाठी हा वेळ ६० सेकंदांच्या आत ठेवणेच योग्य. प्रवाहाची गणिते उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये केली जातात, पण केबल ट्रे आडवी आली म्हणून जागेवर दोन एल्बो (काटकोनी जोड) वाढले, तर ती गणिते पुन्हा करायला हवीत. शक्य तिथे एल्बोऐवजी मोठ्या वळणाचे बेंड वापरावेत. पीव्हीसीचा ५० मीटर पाइप २० अंश तापमानबदलात सुमारे ७ सेंटीमीटर लांबी बदलतो, हे क्लॅम्प आवळताना ध्यानात ठेवावे.

फॉल्ट आल्यावर थेट प्रवाहाची मर्यादा शिथिल करणे धोक्याचे आहे. प्रवाह वाढलेला दिसला तर निखळलेला सांधा किंवा पाइपाच्या टोकाची गळून पडलेली एंड कॅप शोधावी; घटलेला दिसला तर फिल्टर, बुजलेली छिद्रे आणि ड्रिलिंगनंतर पाइपात राहिलेला भुगा पाहावा. पाइप दाबाच्या हवेने साफ करायचा असेल तर आधी यंत्र त्यापासून वेगळे करावे, नाहीतर कचरा थेट आत जातो. दिवाळीत बाहेरच्या फटाक्यांचा धूर ताज्या हवेबरोबर आत येऊन खोटे इशारे मिळत असतील, तर संवेदनशीलता कमी करण्याऐवजी बाहेरची हवा मोजणारा संदर्भ डिटेक्टर जोडावा आणि त्याचे मोजमाप आतल्या मोजमापातून वजा होऊ द्यावे.

यंत्रणा ताब्यात घेताना शेवटच्या छिद्राशी धूर सोडून लागलेला वेळ आणि प्रत्येक पाइपाचा प्रवाह लिहून ठेवावा, कारण पुढच्या वर्षीच्या चाचणीतले आकडे त्याच नोंदीशी ताडून पाहता येतात.