कॅम्पवरची कॉफी नेमकी कुठे बिघडते? या चुका टाळा

घरी रोज छान कॉफी करणारा माणूस तंबू पाठीवर टाकून बाहेर पडतो, पावडर तीच, प्रमाण तेच, करणाराही तोच, आणि तरी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं. मग बोलणी खाते पावडर, नाहीतर परत आल्या आल्या नवीन यंत्र शोधायला सुरुवात होते. मी पण बरीच वर्षं असंच करायचो आणि सॅकचं वजन तेवढं वाढवत गेलो. आता माझं ठाम मत झालंय की बाहेरच्या कॉफीचा घोळ बहुतेक वेळा उष्णतेचा असतो. घरात वारा नाही, भांडी गारठलेली नाहीत, आच हवी तेवढी मिळते, त्यामुळे तिच्याकडे कधी लक्षच जात नाही. बाहेर मात्र ती प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळत जाते आणि मगमध्ये पोचेपर्यंत कॉफी अर्धवट झालेली असते.

आधी चव काय सांगतेय ते ऐका

"कॉफी वाईट झाली" एवढं म्हणून भागत नाही, वाईट म्हणजे कशी ते बघा. गरम पाण्यात पावडरीतून आधी आंबट घटक उतरतात, मग गोडवा, आणि कडवटपणा सगळ्यात शेवटी. म्हणजे कॉफी आंबट लागली, जिभेच्या कडांना झोंबली, तर समजा अर्क पूर्ण उतरलेलाच नाही: पाणी कमी गरम होतं, वेळ कमी दिला, नाहीतर दळण फार भरड होतं. उलट कडू लागली आणि पिऊन झाल्यावर घशाला कोरड पडली तर जास्त उतरलाय. आणि चव बरी आहे पण नुसतीच पाणचट आहे, तर तो तिसराच प्रकार, तिथे सरळ पावडर कमी पडलीय. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि लोक तिन्हींना एकच उपाय करतात, अजून एक चमचा पावडर. आंबट कॉफीत अजून पावडर टाकली तर ती जास्त आंबट लागते, एवढंच.

उकळी आली म्हणजे पाणी पुरेसं गरम झालं, हा समज

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पण वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर ३०० मीटरला उकळबिंदू एकेक अंशाने खाली येतो. ३००० मीटरवर पाणी ९० अंशाच्या आसपासच उकळायला लागतं, ४००० मीटरवर ८६-८७ ला. आणि कॉफीसाठी साधारणपणे ९० ते ९६ अंशाचं पाणी चांगलं धरतात. म्हणजे उंचावर खदखदणारं पाणी सुद्धा कॉफीसाठी जेमतेम असतं किंवा कमीच पडतं.

आता यात घरची सवय आडवी येते. आपण सगळीकडे ऐकलेलं असतं की उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग पाणी ओता, नाहीतर कॉफी जळते. खाली ते ठीक आहे. मी एकदा जवळपास चार हजार मीटरच्या कॅम्पवर मोठ्या निष्ठेने तसा थांबलो, हलकी भाजलेली छान पावडर नेली होती, वजन करून पुड्या बांधल्या होत्या, गाळणीतून हळूहळू धार सोडली, आणि हातात आलं ते कोमट आंबट पाणी. दोन दिवस तसंच प्यायलो आणि पावडरीवर राग काढत राहिलो. तिसऱ्या दिवशी पाणी खदखदत असतानाच थेट पावडरीवर ओतलं, झाकण घातलं, पातेल्यावर लोकरीची टोपी चढवली आणि सहा मिनिटं हात लावला नाही. तीच पावडर, पण चव एकदम भरलेली.

तर उंचावर जाताना थांबायचं नाही, उकळतं पाणी लगेच वापरायचं. दळण घरच्यापेक्षा थोडं बारीक करून न्यायचं, वेळ दीड-दोन मिनिटं वाढवायचा, आणि शक्यतो मध्यम ते गडद भाजलेली कॉफी न्यायची कारण तिच्यातून अर्क सहज सुटतो. आणि हो, पाणी जास्त वेळ उकळून ते जास्त गरम होत नाही, उकळबिंदूला ते अडकतंच, फक्त गॅस जातो.

वारा, झाकण आणि सकाळचा आजारी स्टोव्ह

झाकण न ठेवता पाणी तापवणं ही इतकी साधी चूक आहे की सांगायला संकोच वाटतो, पण बघतो तेव्हा निम्मे लोक तेच करत असतात. झाकण ठेवा, स्टोव्ह दगडाच्या किंवा सॅकच्या आडोशाला ठेवा. मात्र गॅसच्या कॅनिस्टरवरच (छोट्या डब्यावरच) बसणारा स्टोव्ह असेल तर त्याला वारा अडवायच्या पत्र्याने चारी बाजूंनी गुंडाळू नका, उष्णता आत कोंडते, कॅनिस्टर तापतो आणि तो फुटू शकतो. आडोसा एकाच बाजूला, ज्या बाजूने वारा येतोय तिथे, आणि कॅनिस्टरला मधूनमधून हात लावून बघायचा, गरम लागला तर आडोसा लगेच काढायचा.

आणि वारा फार आहे, पाऊस आहे म्हणून स्टोव्ह बंद तंबूत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, कळायच्या आत माणूस गुंगीत जातो. आगीचा धोका वेगळाच. अशा वेळी कॉफी राहिली तरी चालेल, हे मी मनापासून सांगतोय.

थंडीतली दुसरी तक्रार म्हणजे "काल रात्री स्टोव्ह नीट चालला, सकाळी ज्योत मान टाकतेय". कॅनिस्टर संपलेला नसतो, तो गारठलेला असतो. आतला द्रव वायू होऊन बाहेर आला तर ज्योत मिळणार, आणि या डब्यांत भरतात त्या गॅसपैकी ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत साथ देतं. त्यामुळे थंडीत नुसत्या ब्यूटेनचा डबा नेणं ही चूकच, आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्या. त्यातही प्रोपेन आधी उडून जातं, म्हणून अर्धा वापरलेला कॅनिस्टर थंडीत जास्त त्रास देतो. शिवाय स्टोव्ह चालू असताना आतला द्रव स्वतःच अजून गार होत जातो.

उपाय सोपा आहे. रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. सकाळी तरी रडला तर ताटलीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन त्यात तो उभा करा. हे बघण्यासारखं असतं, डब्याच्या बाहेर पांढरं दव गोठलेलं असतं, पाणी लागलं की ते खालून वर विरघळत जातं आणि थकलेली ज्योत काही सेकंदात फुरफुर करत मोठी होते. पाणी हाताला कोमट लागेल इतपतच घ्या, कढत नको, आणि कॅनिस्टर दुसऱ्या ज्योतीवर शेकायचा तर विचारही करू नका. जमिनीवर बर्फ असेल तर खाली मॅटचा तुकडा ठेवा. स्टोव्हच्या स्वतःच्या ठिणगीच्या बटणावर विसंबू नका, ओल्या थंड हवेत ते दगा देतं, एक लायटर खिशात अंगाच्या उबेत ठेवा.

पातेल्यातली कॉफी उकळत ठेवणं

कमी सामानात करायची असेल तर सरळ पातेल्यात पावडर टाकून केलेली कॉफी उत्तम, मी आता बहुतेक वेळा तीच करतो. पण लोक गार पाण्यात पावडर टाकतात, आचेवर ठेवतात आणि उतू जाईपर्यंत उकळतात, मग ती काढ्यासारखी कडू होते आणि दातात चोथा येतो तो वेगळा.

असं करा. ३०० मिली पाणी, २० ग्रॅम पावडर, दळण जाड्या मिठासारखं (उंचावर याहून जरा बारीक). पाण्याला खळखळून उकळी आणा, आच बंद करा, सगळी पावडर एकदम टाका आणि कोरडी गुठळी राहणार नाही असं हलकं ढवळा. पावडर ताजी असेल तर वर लगेच जाड तपकिरी थर फुगून येतो, त्यात बारीक बुडबुडे फुटत असतात, हा भाजलेल्या दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड. थर धरलाच नाही, पावडर निमूट खाली गेली, तर ती शिळी झालीय, मग कितीही कसब दाखवा, सुगंध परत येत नाही. झाकण, चार मिनिटं. मग चमचा घेऊन तो थर हळूच मोडा, वरून चमचाभर गार पाणी शिंपडा आणि अजून एक-दोन मिनिटं पातेलं हलवू नका. गाळ तळाला बसतो. ओतताना एका बाजूने, सावकाश, एकाच धारेत, आणि शेवटचे दोन घोट पातेल्यातच राहू द्या. ते दोन घोट वाचवायच्या नादात अख्खा मग गढूळ होतो. आणि सगळी कॉफी एकदम ओतून घ्या, गाळावर तशीच राहिली तर कडू होत जाते.

अंदाजपंचे प्रमाण

घरच्या मगचा अंदाज कॅम्पच्या मगला लागू होत नाही, हे मग चांगले ४००-४५० मिलीचे असतात आणि आपण ते काठोकाठ भरतो. १ भाग पावडरीला १५ ते १६ भाग पाणी धरा, म्हणजे २४० मिलीला १५ ग्रॅम. सपाट मोठा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, तरी सर्वात बरं म्हणजे घरीच वजन करून एकेका वेळच्या पुड्या बांधायच्या, सकाळी थरथरत्या हाताने मोजायला नको. मगवर आतून मापाच्या रेषा नसतील तर पाण्याच्या बाटलीने माप घ्या. अंघोळीच्या साबणाबरोबर किंवा मसाल्याबरोबर पुड्या ठेवू नका, कॉफी वास ओढून घेते.

पाणी

क्लोरीनच्या गोळ्या टाकलेल्या पाण्यात कॉफी तरणतलावासारखी लागते. गोळीचा सांगितलेला वेळ पूर्ण होऊ द्या, आणि मगच चिमूटभर क जीवनसत्त्वाची पूड टाका, वास जातो. आधी टाकली तर क्लोरीनच निकामी होईल आणि पाणी सुरक्षित राहणार नाही. ओढ्याचं पाणी नुसतं उकळूनच वापरणार असाल तर कॉफीपुरती पहिली उकळी पुरेशी मानू नका, खळखळून १ मिनिट आणि २००० मीटरच्या वर ३ मिनिटं उकळा. गढूळ असेल तर आधी निवळू द्या. आणि रात्री ज्या पातेल्यात जेवण झालं त्यात तेलाचा तवंग उरलेला असतो, तो कॉफीवर तरंगतो, म्हणून पातेलं रात्रीच पुसून ठेवा.

यंत्रांबद्दल थोडक्यात

एरोप्रेस (दट्ट्या दाबून कॉफी गाळायची नळी) २००५ पासून मिळतंय, प्लास्टिकचं आहे, फुटत नाही, पाणी पावडरीबरोबर आत बंद राहतं म्हणून वाऱ्यातही चांगलं चालतं, धुवायचंही जवळपास काम नाही. एकट्यासाठी मला तेच आवडतं. धार धरून गाळायची कोन पद्धत वाऱ्यात नकोच, पाणी वरच्या वर गार होतं. मोका पॉट (आचेवर वाफेच्या दाबाने कॉफी करणारं धातूचं भांडं) जड आहे, पण गाडीने कॅम्पवर जाणार असाल तर जरूर न्या, फक्त पावडर दाबून भरू नका, पाणी झडपेच्या खालपर्यंतच भरा, आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा. काचेचं फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने चोथा खाली दाबायचं भांडं) सॅकमध्ये टिकत नाही. इन्स्टंट कॉफीला नाक मुरडायचं कारण नाही, लांबच्या चालीला हलकी आणि गॅस वाचवणारी, पण ओलावा चटकन धरते, म्हणून एकेका कपाची पाकिटंच न्या. दुधाची पावडर थेट गरम कॉफीत टाकाल तर गुठळ्या होणारच, आधी दोन चमचे गार पाण्यात कालवून पेस्ट करा.

मगबद्दल एक महत्त्वाचं, दुहेरी भिंतीचा मग कधीही थेट आचेवर ठेवू नका, मधली बंद हवा तापून तो फुटू शकतो. कॉफी परत गरम करायचीच असेल तर एकेरी भिंतीचाच मग वापरा. आणि मग कुठलाही असो, ओतायच्या आधी त्यात घोटभर उकळतं पाणी फिरवून घ्या. गारठलेला धातू पहिल्या क्षणालाच बरीच ऊब पिऊन टाकतो.

चोथ्याचं काय

"नैसर्गिकच तर आहे" म्हणून ओढ्यात किंवा झाडाखाली चोथा टाकू नका. तो लवकर कुजत नाही, दिसत राहतो, आणि वासाने जनावरं कॅम्पकडे वळतात. पिळून कोरडा करा, चेन असलेल्या पिशवीत भरा आणि बाकीच्या कचऱ्याबरोबर परत आणा. पातेलं धुतलेलं पाणी ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब नेऊन पसरून फेका.

रात्री करून ठेवायचं

रोज कॉफी पिणाऱ्याने ट्रेकवर ती अचानक बंद करू नये, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि माणूस त्याला उंचीचा त्रास समजून घाबरतो, किंवा उंचीचा खरा त्रास असताना कॉफीवर ढकलतो, जे जास्त वाईट. पण दुपारनंतर नको, कॅफिनचा अंमल अर्ध्यावर यायलाच पाच-एक तास लागतात आणि तंबूत झोप आधीच कच्ची असते.

आणि कडाक्याची थंडी असेल तर झोपायच्या आधी सकाळच्या कॉफीचं पाणी पातेल्यात भरून झाकून ठेवा. बाटलीतलं पाणी गोठलं तर ते बाहेरच काढता येत नाही, पातेल्यात गोठलं तर पातेलं सरळ स्टोव्हवर चढवता येतं. बाकी बाटल्या उलट्या करून ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे सकाळी सरळ केल्या की तोंड मोकळं असतं.