कवितेतला समुद्र कसा वाचायचा
आपल्या साताऱ्याकडच्या पोरांना समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची ट्रिप, त्यामुळं कवितेत सागर आला की 'खूप मोठं' एवढाच अर्थ लिहून मोकळी होतात, आणि तिथंच सगळी मजा जाते. आधी बघा, कवीनं समुद्राचा नेमका कुठला गुण उचललाय. जनसागर म्हटलं की आकार, पण भवसागर म्हटलं की पार करायची अडचण, म्हणून तिथं नाव, नावाडी, पैलतीर असले शब्द आसपास असतात, ते शोधा. भरती-ओहोटी आली तर जरा थांबा, कारण भरती साधारण साडेबारा तासांनी परत येतेच, म्हणजे ओहोटीच्या दुःखातही आशा असू शकते, आणि मोठं उधाण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास येतं म्हणून 'आनंदाला उधाण' मध्ये एवढा जोर आहे, हे मला फार भारी वाटतं. अलंकार सोपाय: सारखा, परी दिसलं तर बहुतेक उपमा, जणू असेल तर उत्प्रेक्षा, ज्याची तुलना केलीय ते आणि ज्याच्याशी केलीय ते, दोन्ही एकच मानलं तर रूपक. आणि नदीला सागराची ओढ असं वाचलं की पोरांना नकाशात कृष्णा दाखवा, महाबळेश्वरला उगम, अरबी समुद्र तिथून जवळ, तरी सांगलीवरनं पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते.