भुरट्या चोरांचा फसलेला बेत पटकथेत कसा उतरवावा

भुरट्या चोरांच्या फजितीवर पटकथा लिहू इच्छिणाऱ्याने विनोद नंतर सुचू द्यावेत. आधी चोरीचा बेत असा बांधावा की जाणत्या दरोडेखोरांच्या हाती तो नक्की तडीस गेला असता. यासाठी मारियो मोनिचेल्ली यांचा १९५८ सालचा ‘इ सोलिती इन्योती’ हा इटालियन चित्रपट बारकाईने पाहावा.

त्यातील बेत साधा आहे. रोममधील एका गहाणपेढीला लागून असलेल्या रिकाम्या घरात शिरायचे, मधली भिंत फोडायची आणि तिजोरी गाठायची. आपलाही बेत प्रेक्षकाला असाच आधी सांगून टाकावा. गंभीर चोरीपटात तो झाकून ठेवलेला चालतो. इथे मात्र काय घडायला हवे होते हेच ठाऊक नसेल, तर काय बिनसले हे कळणार कसे?

पात्रांना मूर्ख ठरवू नये, प्रत्येकाला एखादी घरगुती अडचण द्यावी. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी साकारलेल्या छायाचित्रकाराची बायको तस्करीच्या सिगारेटी विकल्याबद्दल तुरुंगात आहे, त्यामुळे तान्हे मूल त्याच्याच गळ्यात पडले आहे. त्यात कॅमेरा चोरण्याच्या भानगडीत मार खाऊन तो हातही मोडून घेतो. अभिनेते तोतो यांनी साकारलेला उस्ताद मात्र तिजोरी फोडण्याची शिकवणी शाळामास्तराच्या गांभीर्याने देतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. हा प्रसंग आचरटपणे खेळला असता तर हसू आलेच नसते. (केळीच्या सालीवरून घसरणारा चोर फार तर एकदा हसवतो.)

सर्वाधिक मेहनत फजितीच्या कारणावर घ्यावी. ते क्षुल्लक असावे, पण आकाशातून पडलेले वाटू नये. या चित्रपटात घरातील सामान हलवलेले असल्यामुळे चोरांचा खोल्यांचा अंदाज चुकतो, आणि रात्रभर घाम गाळून ते जी भिंत फोडतात ती त्याच घराच्या स्वयंपाकघरात उघडते. प्रेक्षकाला हे भगदाडातूनच दिसू द्यावे. कोणाच्या तोंडी स्पष्टीकरण घालू नये.

त्यानंतर पोलिसांचा पाठलाग जोडण्याचा मोह होईल, तो आवरावा. मोनिचेल्लींचे चोर त्या स्वयंपाकघरातच बसून सापडलेला पास्ता आणि छोले खातात, आणि पहाटे एकेक करून आपापल्या वाटेने निघून जातात.