पॉइंटचे रुपये किती, ते आधी विचारा

दिवाळीच्या खरेदीला टिळकवाडीतल्या मोठ्या दुकानात गेलात की काउंटरवर म्हणतात, "आमचं क्रेडिट कार्ड घ्या, पॉइंट मिळतील." सही करण्याआधी तिथंच विचारा, एका पॉइंटचे किती पैसे? समजा १०० रुपयांना २ पॉइंट आणि पॉइंट २५ पैशांचा. म्हणजे ८,००० च्या कपड्यांवर सुटतात ४० रुपये. त्यातले ५,००० थकले, तर महिना ३.५ टक्क्यांनी व्याजच १७५, वर १८ टक्के जीएसटी! मिनिमम ड्यू, म्हणजे बिलात दिलेली किमान रक्कम, भरून सुटका नाही, नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. माझ्या वहिनीचे पॉइंट तर मुदत संपून गेले, फार हळहळली बिचारी. कार्ड नकोसं झालं तर थकबाकी फेडून बंद करायचा अर्ज द्या. बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावंच लागतं, उशीर झाला तर बँकेनं तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.