कॉलेजातून कंपनी काढायची? आधी कागद, मग व्हिजिटिंग कार्ड

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची कंपनी करायचं ठरलं की पोरं सगळ्यात आधी लोगो काढतात. लोगो राहू द्या. कँटीनमध्ये चौघं बसा आणि एका फुलस्केपवर लिहा: कल्पना कुणाची, कोड कुणाचा, लॅबमधलं कुठलं यंत्र वापरलं, गाइडचा हात किती. खाली चौघांच्या सह्या. आम्ही हे केलं नाही. व्हायवानंतर दोघं नोकरीला लागले आणि ‘माझा वाटा किती’ यातच आमचं वर्ष गेलं.

तोच कागद घेऊन एचओडींकडे आणि तिथून इन्क्युबेशन सेंटरला, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रात जा. पवईला आयआयटीचं ‘साइन’ २००४ पासून आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथूनच वर आली. विद्याविहारला सोमय्यांचं ‘रिडल’ आहे. मुंबई विद्यापीठाचंही स्वतःचं सेंटर आहे. तिथे टेबल-खुर्ची आणि वायफायवर भुलू नका. लॅब कधी वापरता येईल, पेटंटचं काम कोण बघेल आणि बदल्यात संस्था कंपनीत किती हिस्सा घेईल, हे तोंडावर विचारा. विद्यार्थी-प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी केंद्र सरकारच्या २०१९ च्या धोरणात हा हिस्सा २ ते ९.५ टक्के सांगितला आहे. त्याहून जास्त मागितला तर कारण विचारायला लाजू नका.

पेटंट घ्यायचं असेल तर प्रोजेक्ट प्रदर्शनात पोस्टर लावायच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज टाका. गोष्ट एकदा चारचौघांत उघड झाली की तिचं नवेपण संपलं, असंच धरून चाला. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

कंपनीत उतरणाऱ्या प्राध्यापकांनी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. कंपनीसाठी रजा मागायची सोयही २०१९ च्या त्याच धोरणात आहे. संस्थेच्या पगारावरच्या संशोधन सहायकाला मात्र कंपनीच्या कामाला जुंपता येत नाही. (जुंपतात, ते वेगळं.)

प्रायव्हेट लिमिटेडची नोंदणी सगळ्यात शेवटी. उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट करावंच लागतं, सीएची फी वेगळी. शिवाय नोंदणीच्या दिवसापासून कंपनीचं वय मोजलं जातं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलेल्या सीड फंडात (नव्या कंपन्यांना सुरुवातीचा पैसा देणाऱ्या योजनेत) नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं, पण अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, अशी अट घातली. दुसऱ्या वर्षाला असताना हौसेने नोंदवलेली कंपनी पदवी हातात येईपर्यंत त्या अटीत म्हातारी झालेली असते.